अतिविषाचे फूल

नागपूरच्या इतवारी पेठेत, किराणा आणि मसाल्यांच्या घाऊक व्यापाराच्या गजबजाटातून वाट काढीत काष्ठौषधींच्या एखाद्या जुन्या दुकानाशी जावे आणि बाळगुटीचा पुडा मागावा, म्हणजे दुकानदार मागच्या फडताळातले डबे एकामागून एक उघडून हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, बाळहिरडा, ज्येष्ठमध, सुंठ, नागरमोथा, काकडशिंगी असे जिन्नस कागदावर मांडीत जातो, आणि शेवटी, बहुधा घट्ट झाकणाच्या बरणीतून, राखी रंगाचे, करंगळीच्या पेराएवढे, एका टोकाला निमुळते होत गेलेले एक मूळ काढून त्या ढिगावर ठेवतो. पुड्यातल्या इतर कित्येक वस्तूंचा ठावठिकाणा वैदर्भीय माणसाला सांगता येतो. हळद वर्धेकडच्या वायगावची असू शकते. मुरुडशेंग आणि हिरडा मेळघाटच्या किंवा गडचिरोलीच्या रानात कोणीही दाखवील. नागरमोथा तर शेताच्या धुऱ्यावर उपटून टाकलेला असतो. परंतु त्या राखी मुळाचे झाड कसे असते, त्याला फूल येते काय, येत असल्यास कोणत्या रंगाचे, हे विचारले असता दुकानदार, वैद्य आणि घुटी उगाळणारी आजी या तिघांचेही ज्ञान हिमालय या एका शब्दापाशी येऊन थांबते.

हे मूळ अतिविषाचे. इतवारीत उत्तरेकडच्या व्यापाराच्या संपर्काने त्याला अतीसही म्हणतात, आणि अखंड मूळ हवे असेल तर अतिविषाची कळी असे मागण्याचा शिरस्ता आहे. हिमालयाच्या पश्चिम भागात, वृक्षांची सीमा जिथे संपते त्याच्या आसपास आणि त्याहून वर, उगवणारी ही एक बहुवर्षायू रानफुलाची वनस्पती होय. ज्या फुलाचे मूळ आपल्या कित्येक पिढ्यांनी आयुष्याच्या पहिल्याच महिन्यांत जिभेवर घेतले, त्या फुलाची निदान ओळख करून घेणे हे आपल्यावरचे देणे आहे, असे मला मनापासून वाटते. आणि आज ती वनस्पती संकटात सापडली असून त्या संकटात आपल्या बाजाराचाही हात असल्यामुळे, हे देणे लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही.

नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसलेले असून, वैशाख-ज्येष्ठात येथील पारा ४५ अंशांच्या वर चढणे ही नित्याची गोष्ट आहे. अतिविषाची भूमी सुमारे २,५०० ते ४,००० मीटरांच्या दरम्यानची. काश्मीरपासून हिमाचल आणि गढवाल-कुमाऊंमधून नेपाळपर्यंत गेलेल्या या पट्ट्यात, देवदार-भूर्जाची झाडे मागे पडल्यावर जी विस्तीर्ण तृणमय पठारे लागतात आणि ज्यांना गढवालात बुग्याल म्हणतात, तेथे वर्षातले जवळजवळ सहा महिने हिम पसरलेले असते. नागपुरात आपण उन्हाळ्याच्या काहिलीत खिडक्यांना वाळ्याचे ताटवे बांधीत असतो तेव्हा तिकडे हिम वितळू लागते, आणि जमिनीखाली निद्रिस्त असलेल्या मुळाच्या माथ्यावरून एक कोंब वर येतो. खालची पाने लांब देठांची आणि खंडित कडांची, वरची पाने देठ नसलेली आणि खोडाला आलिंगून बसलेली; एकाच रोपावर पानांचे असे दोन घाट दिसतात म्हणूनच शास्त्रीय परिभाषेत या जातीस अकोनिटम हेटेरोफिलम हे नाव मिळाले आहे. श्रावण-भाद्रपदात खोडाच्या शेंड्याला फुलांचा तुरा येतो.

फुलाविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आपल्याकडे त्याविषयी कोणी लिहीत नाही. त्याचा रंग फिकट निळा आणि हिरवट यांच्या मधला असून त्यावर गडद जांभळ्या शिरांचे जाळे उमटलेले असते. ज्यांना आपण पाकळ्या समजतो त्या वस्तुतः पाच रंगीत निदले असतात. त्यांपैकी वरचे निदल शिरस्त्राणासारखे घुमटाकार होऊन बाकीच्या फुलावर झुकते, आणि खऱ्या पाकळ्यांपैकी दोन, लांब दांड्यांच्या मधुकोशांत रूपांतरित होऊन, त्या घुमटाच्या आत लपून बसतात. मध इतका आत दडविलेला असल्यामुळे हरएक कीटकाला तो साध्य होत नाही. तेथवर पोहोचणारा मुख्य अतिथी म्हणजे थंड प्रदेशातला जाड, केसाळ भुंगा. पंखांच्या स्नायूंना थरथर आणून आपले शरीर तापविण्याची शक्ती निसर्गाने त्याला दिली आहे, आणि त्यामुळे ज्या हवेत मधमाश्या पोळे सोडीत नाहीत त्या हवेतही तो फुलोफुली हिंडू शकतो. फुलात शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या अंगाला पराग माखतात, ते दुसऱ्या तुऱ्यापर्यंत जातात, आणि आश्विन लागता लागता फुलाच्या जागी पाच लहान कोशांचे फळ धरते. ते कोश वाळून उकलले आणि बी जमिनीवर सांडले, की वरचे सारे झाड पिवळे पडून कोमेजते. हे सर्व हिमाच्या दोन आवरणांच्या मधल्या चार-पाच महिन्यांत उरकावे लागते.

जमिनीखाली याच काळात जे चाललेले असते ते बाजाराच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. अतिविषाची मुळे जोडीने असतात. गेल्या वर्षीच्या मुळात साठविलेले सत्त्व वापरून या वर्षीचे खोड, पान आणि फूल उभे राहते. आणि ते उभे राहत असतानाच, पाने जे अन्न तयार करतात त्याचा संचय करीत शेजारी एक नवे मूळ भरू लागते. हंगाम संपेपर्यंत जुने मूळ सुरकुतून पोकळ होते आणि नवे मूळ पिष्टाने पांढरेशुभ्र भरून येते. पुढल्या वर्षीचे झाड त्या नव्या मुळात असते. मातेने आपले सर्वस्व कन्येच्या स्वाधीन करून निवृत्त व्हावे असा हा क्रम असून, वनस्पतीचे बहुवर्षायुत्व म्हणजे दुसरे तिसरे काही नसून या हस्तांतराची अखंड परंपरा होय. आणि दुकानात आपल्याला जे मिळते ते हेच भरलेले, पांढऱ्या गराचे, पुढल्या वर्षीसाठी राखलेले मूळ.

ही गोष्ट नीट समजून घेतली म्हणजे हिरड्याच्या आणि अतिविषाच्या व्यापारातला भेद स्पष्ट होतो. हिरड्याचे फळ वेचले तरी झाड उभे राहते. मुरुडशेंग तोडली तरी झुडूप जगते. अतिविषाची कळी उचलली की तेथले झाड संपले.

आयुर्वेदाने ही वनस्पती फार प्राचीन काळी हेरली. चरकसंहितेत लेखनीय आणि अर्शोघ्न या महाकषायांत तिची गणना आहे; सुश्रुताने वचादि, मुस्तादि आणि पिप्पल्यादि गणांत तिला स्थान दिले आहे. निघंटूंत तिच्या पर्यायनामांची लांबलचक मालिका आढळते, आणि त्यांतल्या शुक्लकंदा, शिशुभैषज्या आणि घुणप्रिया या तीन नावांत मुळाचा रंग, त्याचा मुख्य उपयोग आणि त्याला लागणारी कीड यांचा उल्लेख येऊन जातो. नागरमोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी या चार द्रव्यांचे बालचातुर्भद्र चूर्ण मधातून चाटविण्याची पद्धत, मुलांचा ज्वर, अतिसार, खोकला आणि वांती यांवर आजही चालू आहे. दात येण्याच्या दिवसांत, आणि विशेषतः पावसाळ्याच्या तोंडाशी, मुलाचे पोट बिघडले की वडीलधाऱ्या बाईचा हात ज्या वस्तूकडे प्रथम जात असे ती अतिविष.

पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्राला मात्र ही जात उशिरा, आणि तीही प्रथम बाजाराच्या वाटेने, परिचित झाली असावी असे तिच्या नोंदीचा इतिहास पाहता वाटते. जॉन फोर्ब्स रॉयल हा कंपनी सरकारचा शल्यवैद्य १८२३ पासून सहारनपूरच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता. बाजारात मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची झाडे कोणती, या प्रश्नाचा त्याला ध्यास लागलेला होता; आणि उद्यानाच्या कारभारामुळे स्वतः पर्वतात दीर्घकाळ हिंडणे अशक्य असल्याने त्याने संग्राहक शिकवून तयार केले आणि त्यांना वर धाडले. त्यांनी आणलेल्या संग्रहाच्या आधारे त्याने १८३३ ते १८४० या काळात हिमालयीन वनस्पतींवर जो सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात अतिविषाचे वर्णन आहे. नाव सुचविले होते कलकत्त्याच्या उद्यानाचा अधीक्षक नॅथॅनिएल वॉलिच याने. म्हणून शास्त्रीय दप्तरात या जातीपुढे वॉलिच आणि रॉयल या दोघांचीही मुद्रा उमटलेली आहे. त्या संग्राहकांपैकी, ज्यांनी प्रत्यक्ष वर चढून ती रोपे मुळासकट खाली आणली, त्यांची नावे त्या जातिनामाला जोडली गेली नाहीत, याची मला खंत वाटते.

पुढे १८६८ मध्ये एडवर्ड वेअरिंग याच्या संपादनाखाली सरकारने हिंदुस्थानचा जो अधिकृत औषधिकोश सिद्ध करविला, त्यात अतिविषाचा समावेश झाला. हिवतापाने लष्कराचे आणि मुलकी खात्याचे मनुष्यबळ पोखरले जात होते, क्विनीन महाग होते, आणि त्याला पर्याय म्हणून या कडू मुळाची परीक्षा चालली होती. क्विनीनची जागा त्याला घेता आली नाही. मुंबईत डॉ. विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या बाजारातील औषधी द्रव्यांचा जो मार्मिक अभ्यास केला, त्यातही अतिविषाची दखल आहे. मराठी वाचकांच्या घरांपर्यंत हे ज्ञान व्यवस्थित स्वरूपात पोहोचविण्याचे श्रेय मात्र वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांचे. त्यांचा ‘आर्यभिषक्’ हा ग्रंथ महाराष्ट्रातल्या असंख्य कुटुंबांत पंचांगाच्या जोडीने ठेवलेला असे, आणि गावोगावच्या अल्पशिक्षित गृहिणींनीही त्यातून मात्रा-अनुपान पाहून औषधे दिलेली आहेत.

आता हे मूळ नागपुरास कसे येते ते पाहू. नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरांवर रामटेक आहे. कालिदासाच्या मेघदूतातला रामगिरी तो हाच, हे मत महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी नागपुरात राहून मोठ्या विद्वत्तेने मांडले. विरही यक्षाने त्या टेकडीवरून मेघाला जो मार्ग सांगितला तो नर्मदा, विदिशा, उज्जयिनी असा जात जात कनखलापाशी गंगेला भेटतो आणि तेथून हिमालयात चढून अलकेस पोहोचतो. अतिविषाच्या मुळाचा प्रवास, स्थूलमानाने, याच्या उलट दिशेने होतो. बुग्यालावर खणणारा माणूस ते पाठीवरून गावात आणतो. गावात ठेकेदाराचा हस्तक त्याला रोख रक्कम देऊन माल उचलतो. तेथून तो ऋषिकेश, रामनगर, टनकपूर यांसारख्या पायथ्याच्या मंड्यांत, आणि पुढे दिल्लीची खारी बावली किंवा अमृतसरची मजीठ मंडी यांसारख्या मोठ्या पेठांत जातो. रेल्वेपूर्व काळी भोसल्यांच्या मुलखात दूरचा माल बैलांच्या तांड्यांवरून, ठिकठिकाणच्या नाक्यांवर जकात भरीत येत असे. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग नागपुरास पोहोचला आणि पुढे इटारसीवरून उत्तरेचाही मार्ग जोडला गेला, तेव्हापासून दिल्लीच्या बारदानातला माल थेट नागपूरच्या मालधक्क्यावर उतरू लागला. देशाच्या मध्यावर असल्यामुळे इतवारीला जे व्यापारी महत्त्व आले, त्याचा हाही एक लहानसा अंश आहे. येथून तो भंडारा, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ आणि थेट छिंदवाडा-बालाघाटपर्यंतच्या किरकोळ दुकानदारांकडे जातो. नागपुरातच आयुर्वेदीय महाविद्यालये आणि मोठे औषधी कारखाने असल्यामुळे काही माल शहरातच खपतो.

मुळाच्या पारखीत या व्यापाऱ्यांची विद्या पाहण्यासारखी आहे. जाणता दुकानदार कळी दोन बोटांत धरून मोडतो. ती ताडकन तुटली पाहिजे. आतला गर खडूप्रमाणे पांढरा आणि पिष्टमय दिसला पाहिजे. आणि त्या पांढऱ्या वर्तुळात मध्याभोवती चार-सहा तपकिरी ठिपके स्पष्ट उमटलेले असले पाहिजेत. ते ठिपके म्हणजे मुळातून अन्नरस वाहणाऱ्या वाहिन्यांचे पुंज. मोडल्यावर गर पिवळट किंवा भुसभुशीत निघाला तर मूळ जुने, अथवा अकाली खणलेले, अथवा दुसऱ्याच झाडाचे. घुण या मुळावर तुटून पडतो, म्हणून ते ओलाव्यापासून दूर, हवाबंद ठेवावे लागते. पावसाळ्यात झाकण सैल राहिले तर काही आठवड्यांत बरणीच्या तळाशी पीठ जमते. चव स्वच्छ कडू. जिभेला मुंग्या येता कामा नयेत किंवा बधिरता जाणवता कामा नये, हे लक्षण ग्रंथांतही आहे आणि दुकानातही. परंतु वाचकांनी ही परीक्षा घरी करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तिचे कारण गंभीर आहे.

अतिविषाचा सख्खा भाऊबंद म्हणजे वचनाग. दोघांचे कुल एक, प्रजाती एक, फुलाचे शिरस्त्राण एक, हिमालयातले बिऱ्हाडही जवळजवळ एक. वचनागाच्या मुळात अकोनिटीन हे अल्कलॉइड असते. ते मज्जातंतूंच्या आणि हृदयाच्या पेशींवरील सोडियमचे दरवाजे उघडे ठेवते, त्यामुळे प्रथम ओठ-जीभ बधिर होतात आणि पुढे हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. आयुर्वेदात वचनाग गोमूत्रात शोधन केल्याशिवाय वापरीतच नाहीत. अतिविषातले मुख्य अल्कलॉइड अतिसीन हे निराळ्या रचनेचे असून तसे मारक नाही. दोन्ही मुळे एकाच व्यापारमार्गाने येतात आणि एकाच दुकानात असू शकतात. तेव्हा ओळखीच्या, परंपरेने हा धंदा करणाऱ्या दुकानातूनच अखंड कळी घ्यावी, भुकटी घेऊ नये, हा जुन्या बायकांचा दंडक पूर्णपणे शास्त्रशुद्ध होता. भुकटीत ठिपके दिसत नाहीत.

घरात या कळीचा वापर किती काटकसरीने होई, याकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधू इच्छितो. न्हाऊ-माखू घातलेल्या मुलाला मांडीवर घेण्यापूर्वी सहाणेवर आईचे दूध किंवा उकळून निवविलेले पाणी घालून एकेक जिन्नस उगाळला जाई, आणि कोणत्या जिन्नसाचे किती वळसे द्यायचे हे मुलाच्या वयावर व त्याच्या पोटाच्या स्थितीवर ठरे. अतिविषाचा वळसा एक, फार तर दोन. उगाळून झाले की कळी पुसून, उन्हात वाळवून पुन्हा डबीत. अशा रीतीने एकच कळी एका मुलाला सबंध वर्षभर पुरे, आणि तिचा उरलेला तुकडा पाठच्या भावंडाच्या, कित्येकदा शेजारच्या घरच्या बाळाच्याही कामी येई. एका कुटुंबाला एका पिढीत हिमालयातले एखादे-दुसरे झाड लागे. हा हिशेब कोणी मुद्दाम मांडलेला नव्हता. पण उगाळण्याच्या क्रियेतच तो अनुस्यूत होता. येथे हेही नमूद केले पाहिजे, की आजचे बालरोगतज्ज्ञ आणि जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने मुलाला केवळ मातेचे दूध द्यावे, पाणी किंवा घुटीदेखील देऊ नये, असे सांगतात; सहाण, पाणी आणि हात यांतून होणारा संसर्ग हे त्यामागचे एक मोठे कारण असून ते नाकारता येण्याजोगे नाही. त्या वयानंतरही घुटी देणे असेल तर ती वैद्याच्या प्रत्यक्ष सल्ल्यानेच द्यावी.

काटकसरीचा हा घरगुती हिशेब कारखान्यांच्या काळात टिकला नाही. चूर्ण, वटी, काढे, तयार बाटलीबंद घुट्या यांसाठी मुळे कुटली जातात, आणि कुटलेले मूळ डबीत परत ठेवता येत नाही. वाळल्यावर मुळाचे वजन इतके अल्प उरते की एक किलो मालासाठी शेकडो रोपे उपटावी लागतात. भाव किलोला काही हजार रुपयांच्या घरात गेले, आणि जसजसा भाव चढला तसतशी खणणाऱ्यांत घाई वाढली. मूळ भरून येण्याची आणि बी सांडण्याची वेळ आश्विनातली. पण आपण थांबलो तर दुसरा कोणी आधी खणून नेईल, या धास्तीने माणसे श्रावणातच बुग्यालावर चढू लागली. अकाली खणलेले मूळ अर्धे भरलेले असते, म्हणून तेवढ्याच वजनासाठी अधिक रोपे जातात. बी धरलेले नसते, म्हणून पुढली पिढीही जाते. २०१५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिविषाची नोंद संकटग्रस्त म्हणून झाली. त्याच डोंगरांवरची जटामांसी, जी आपल्या केसांच्या तेलात आणि धुपात असते, ती तर अतिसंकटग्रस्त ठरली आहे.

या घाईला पूर्वी एक मर्यादा होती. गढवालात भाद्रपद शुद्ध अष्टमीस नंदाष्टमी म्हणतात. त्या दिवशी नंदादेवीला ब्रह्मकमळे वाहिली जातात, आणि तोपर्यंत बुग्यालावरचे फूल तोडावयाचे नाही, मूळ खणावयाचे नाही, असा गावांचा प्रघात असे. विदर्भातल्या वाचकाला ही तिथी परकी नाही: याच सुमारास आपल्याकडे महालक्ष्म्या बसतात, आणि त्यांच्या पुढ्यात सोळा भाज्या व आंबील मांडलेली असते. देवीच्या नावाने घातलेला हा निर्बंध, झाडाचे फूल आणि बी यांना अवसर देणारा होता. सरकारी परवाने, वनखात्याची आवर्तने, खणण्यास बंद ठेवलेले पट्टे या साऱ्या तजविजी अलीकडच्या आहेत आणि त्या आवश्यकही आहेत. पण जेथे गाव स्वतः पहारा देते तेथे त्या लागू पडतात, अन्यथा तीन हजार मीटरांवरच्या धुक्यात कोणता रखवालदार कोणाला अडविणार? आणि खणणाऱ्या माणसाला दोष देऊन आपण मोकळे होऊ नये. वर्षातून थोडे महिने मोकळी राहणारी ती जमीनच त्याची रोकड मिळकत आहे. इतवारीत आपण मोजतो त्या रकमेतला फार थोडा हिस्सा त्याच्या हाती पडतो.

महाराष्ट्रातून, आणि नागपुरातूनही, दरवर्षी उन्हाळी-पावसाळी सुट्टीत अनेक तरुण गढवालात पदभ्रमणासाठी जातात. चमोली जिल्ह्यातली फुलांची दरी हे त्यांचे आवडते ठिकाण. १९३१ मध्ये कामेट शिखर सर करून परतताना फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती पावसातून या दरीत उतरले, पुढे तो खास फुलांसाठी तेथे परतला आणि १९३८ मध्ये त्याच्या ग्रंथामुळे तिला जगभर ख्याती मिळाली. पुढल्याच वर्षी फुले गोळा करण्यासाठी आलेल्या जोन मार्गारेट लेग या वनस्पतिप्रेमी बाई तेथे कड्यावरून पडून मृत्यू पावल्या; त्यांची समाधी त्याच दरीत आहे. १९८२ मध्ये ही दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि २००५ मध्ये तिला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अतिविष या दरीत आहे. पण निळ्या खसखशीचे आणि ब्रह्मकमळाचे छायाचित्र घेण्याच्या नादात, गवतातून गुडघाभर वर आलेला तो फिकट तुरा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. जाणाऱ्यांनी तो शोधावा, ओळखावा, आणि पाऊलवाटेवरूनच पाहावा. बुग्यालाची माती फार पातळ असते, तंबू आणि शेकोट्या यांनी ती एका हंगामात उघडी पडते; म्हणूनच २०१८ मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने बुग्यालांवर रात्रीचा मुक्काम करण्यास मनाई केली. तो हुकूम निघाला तेव्हा आपल्याकडच्या काही हौशी मंडळींना तो जाचक वाटला. मला तो रास्त वाटतो.

लागवडीचा मार्ग खुला आहे, पण तो धीराचा आहे. श्रीनगर-गढवाल येथील विद्यापीठाच्या उच्चपर्वतीय वनस्पती संशोधन केंद्राने तुंगनाथच्या उंचीवर या वनस्पतीचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले आहे. चमोली जिल्ह्यातल्या मंडल येथे जडीबुटी संशोधन संस्था शेतकऱ्यांना रोपे आणि शिक्षण पुरविते. बियांना दीर्घकाळ थंडी मिळाल्याशिवाय अंकुर फुटत नाही, आणि अंकुरापासून विक्रीयोग्य मुळापर्यंत तीन-चार वर्षे जातात. एवढा काळ पोट बांधून थांबणाऱ्या डोंगराळ शेतकऱ्याला जर जंगलातून चोरून खणलेल्या मालाच्याच भावात आपला माल विकावा लागला, तर तो पुन्हा ही लागवड करणार नाही. येथे नागपूरच्या ठोक खरेदीदारांचे, औषधी कारखान्यांचे आणि महाविद्यालयांच्या रसशाळांचे कर्तव्य सुरू होते. लागवडीचा दाखला असलेला माल मागावा, त्याला चार पैसे जास्त द्यावेत, आणि मागणी लेखी नोंदवावी. इतवारीच्या व्यापाऱ्याला जो माल मागितला जातो तो आणण्याची कला साधलेली आहे, आणि त्याने एकदा खारी बावलीकडे चौकशी धाडली की ती चमोलीपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नाही.

याखेरीज आणखी एक उपाय आपल्या अगदी दाराशी आहे, आणि त्याला भावप्रकाशासारख्या प्रमाणग्रंथाचा आधार आहे. दुर्मिळ द्रव्याच्या अभावी कोणते द्रव्य घ्यावे याची जी यादी त्या ग्रंथात दिली आहे, त्यात अतिविषाच्या अभावी मुस्ता, म्हणजे नागरमोथा, सांगितला आहे. दोन्हींचे गुण सर्वांशी एक नव्हेत, आणि कोणत्या रोगात बदल चालेल व कोणत्या रोगात चालणार नाही, हे वैद्यांनी व संशोधकांनी मिळून ठरविले पाहिजे. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयासारख्या संस्थेला हा विषय हाती घेण्यास कोणतीच अडचण नसावी. नागरमोथा आपल्याकडे मागवावा लागत नाही. काटोल, नरखेड, कळमेश्वर या बाजूच्या संत्राबागांत आणि ओलिताच्या काळ्या शेतांत तो तण म्हणून माजतो; निंदणीच्या मजुरीचा मोठा भाग त्याच्यावर खर्च होतो, वर्षोगणती खणूनही त्याच्या गाठी जमिनीत उरतातच, आणि निघालेला ढीग बाया धुऱ्यावर टाकून देतात. तो ढीग धुऊन, वाळवून, मुळ्या जाळून स्वच्छ केला आणि रसशाळांनी त्याचा वाजवी दर ठरवून दिला, तर निंदणाऱ्या बाईच्या मजुरीत भर पडेल, बागायतदाराचे रान मोकळे होईल, आणि तेवढ्या वजनाचे अतिविष बुग्यालावर आश्विनापर्यंत उभे राहील.